राजोडीच्या रेतीतला उंट

ऑगस्टीनच्या ओट्यावरचा नाताळचा गोठा आम्ही दोघांनी शाळेत असताना पहिल्यांदा हलता केला. मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटार, शिवणयंत्राची रिकामी रिळं आणि पतंगाचा मांजा, एवढंच सामान. मांजा रिळावर गुंडाळला जाई आणि तीन राजांचे उंट बाळ येशूकडे ओढले जात. एखादा वाटेतच आडवा पडे. ऑगस्टीन त्याला उभा करी, आणि आमच्या पापडी गावातल्या पोरांना तीच गंमत जास्त आवडे.

पुढे मी विज्ञान शिकवू लागलो. निवृत्तीनंतर दर रविवारी मुलांना खेळण्यातले रोबो जोडायला शिकवतो. ऑगस्टीनची आठवीतली नात ब्रिटनी त्यांतलीच.

यंदा नाताळ झाला की जानेवारीत ऑगस्टीन आणि त्याची बायको बेटी कॅनडाला निघणार होते, धाकट्या मुलाकडे, कायमचे. पुढच्या वर्षी तयार गोठा विकत आणू, असं ब्रिटनीची आई म्हणाली. ब्रिटनीला ते सहन झालं नाही. गोठा मी करीन, म्हणाली. ऑगस्टीनने अट घातली: मांज्याशिवाय उंट बाळापर्यंत चालवून दाखव, मग गोठा तुझा.

तिने रोबो केला. दोन चाकं, दोन मोटारी, पोटाखाली रेघ ओळखणारे सेन्सर आणि वर पुठ्ठ्याचा उंट. माझ्या घरी पांढऱ्या कागदावरच्या काळ्या पट्टीवरून तो आठवडाभर बिनचूक चालला.

चोवीस तारखेच्या दुपारी तिने गोठ्यात काळी पट्टी चिकटवली आणि उंट सोडला. तो जागच्या जागी गोल फिरू लागला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच.

"याला रम कोणी पाजली?" ऑगस्टीन म्हणाला. बेटी हसली. ब्रिटनीचा चेहरा मात्र पडला. ऑगस्टीनने मांज्याचं रीळ शोधायला ट्रंक उघडली.

मला चूक दिसली होती. गोठ्यात वाळवंट म्हणून आम्ही राजोडीच्या किनाऱ्यावरची रेती पसरतो. तसं केल्याशिवाय या घरात गोठा होतच नाही. आणि ती रेती काळपट. पण उत्तर सांगितलं की मूल ते ऐकतं आणि विसरतं. म्हणून मी एवढंच विचारलं, "त्याला काय दिसत असेल गं?"

ती ओट्यावर पालथी पडली, गाल रेतीला टेकवून.

"सर, सगळंच काळं आहे."

मग ती स्वयंपाकघरात पळाली आणि जाड्या मिठाची बरणी घेऊन आली. पट्टी काढून तिने रेतीवर मिठाची रेघ ओढली. माझ्या लॅपटॉपवर प्रोग्राममध्ये काळ्याच्या जागी पांढरं केलं. मी हात मागे बांधून उभा होतो, ते सोपं नव्हतं.

उंट निघाला. रेतीत चाकं रुतत होती, मान डुलत होती. ट्रंकेपाशी ऑगस्टीन रीळ हातात धरून तसाच थांबला. उंट बाळाच्या गव्हाणीशी पोचला आणि ब्रिटनीने त्याला बंद केलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बेटीने डोळे पुसले.

ऑगस्टीन खाली बसला. वर्षानुवर्षं मी त्याला या गोठ्यात हात घालताना पाहिलं आहे. मेंढ्या हलव, पुठ्ठ्याची विहीर सरकव, चांदणी वर घे, कोणाला विचारणं नाही. आज मिठाच्या रेघेपर्यंत गेलेलं त्याचं बोट मध्येच थांबलं.

"ही रेघ विहिरीकडून वळवू का?" त्याने नातीला विचारलं. "लांबून आलाय, पाणी पिऊ दे."

ब्रिटनीने विहिरीकडे पाहिलं, उंटाकडे पाहिलं.

"वळवा आजोबा. पण वळण मोठं ठेवा, एकदम वळता येत नाही त्याला."

"बरं," तो म्हणाला, आणि मिठाच्या बरणीसाठी तिच्यापुढे हात केला.