ओवाळणीत शाळेची खोली

माणूस नगराध्यक्ष झाला की बहिणीच्या दारात यायला त्याचे पाय दुखतात, असं गोजरबाईचं ठाम मत झालं होतं. नगराध्यक्ष काकासाहेब तिच्या माहेरचे, शहागडचे. सख्खे नव्हेत, पण एका गावचे म्हणून भाऊ. वीस वर्षं भाऊबीज चुकली नव्हती. अन् खुर्ची मिळाल्यावर गेल्या दिवाळीला त्यांनी चपराश्याच्या हाती साडी धाडली.

"मी ओवाळू कुणाला? साडीला का चपराश्याला?" तिनं तेव्हाच अख्ख्या गल्लीला विचारलं होतं.

यंदा मात्र भाऊ येणं गरजेचं होतं. श्रावणात नगरपालिकेनं जालन्याहून सफाई इन्स्पेक्टर आणला. त्याला राहायला घर नव्हतं, म्हणून मुलींच्या शाळेची एकुलती खोली त्याला दिली. पोरी घरी बसल्या, त्यात गोजरबाईची नात प्रेमलाही. पोरीचा बाप, गोजरबाईचा लेक भुजंग, म्हणायला लागला, "शाळाच न्हाई तर पोरगी घरात ठेवून काय करायची?" तुळशीचं लग्न झालं की भोकरदनचे पाहुणे तिला बघायला येणार होते. पोरगी अकरा वर्षांची.

गोजरबाई नगरपालिकेत जाऊन आली. कारकून म्हणाला, "अर्ज लिहून आणा." तिला सही येत होती, तीही 'गोज'पर्यंत झोकात, पुढं जरा घसरायची. ती तशीच माघारी फिरली आणि भुजंगाकरवी काकासाहेबांना निरोप धाडला, "यंदा चपराशी आला तर त्यालाच पाटावर बसवीन, अन् आजपासून हाच माझा भाऊ म्हणून गावभर सांगीन."

भाऊबिजेला काकासाहेब स्वतः आले. खादीची टोपी, कडक इस्त्री. पाटाभोवती रांगोळी होती. गोजरबाईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजनाचं ताट उचललं आणि तसंच हातात धरून उभी राहिली. ओवाळणं पुरं होईस्तोवर पाटावरून भाऊ उठत नसतो.

"मच्छिंदर," ती म्हणाली. गावचे काकासाहेब तिच्यापुढं अजून मच्छिंद्रच होते. "तुझा इन्स्पेक्टर करतो काय?"

"आक्का, सार्वजनिक आरोग्य बघतो. नाल्या, पाणी, साथीचे रोग."

"आमच्या मागची नाली चार महिन्यांपासून तुंबली. ती त्यानं बघितली का?"

"त्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे."

"विचाराधीन म्हंजे कोणत्या गल्लीत? तिथं जाऊन येते मी."

दाराआड प्रेमला खुदकन हसली. भुजंगानं डोळे वटारले, पण हसू त्यालाही आलं होतं.

"अन् पोरी कुठं शिकून राह्यल्या?"

"त्यांची पर्यायी व्यवस्था होईल, आक्का. कर्मचाऱ्यांच्या घरांचा ठराव झाला की लगेच."

"ठराव होईस्तोवर माझी नात सासरी भाकऱ्या बडवील. तुझ्या दिवाणखान्यात कोण राहतं रे?"

काकासाहेब चुळबुळले. "तिथं... मंडळी भेटायला येतात."

"वर्षभर मी तुझी मंडळी न्हाई, म्हणून मला ठाऊक न्हाई. पण तुझ्या घरी झाडणारी दुर्गाबाई सांगते, चार खुर्च्या हायेत अन् त्याबी रिकाम्या."

निरांजनातलं तूप कमी होत चाललं. वात विझली तर अपशकुन. काकासाहेबांनी एकदा वातीकडं पाहिलं, एकदा गोजरबाईकडं. तिचा हात तसूभरही हलला नव्हता.

"आक्का, ओवाळ की! काय पाहिजे ते माग, देतो."

"भुजंगा, ऐकलंस ना? मंग कागद-दौत आण."

पाटावर बसूनच काकासाहेबांनी लिहिलं: इन्स्पेक्टरांनी उद्या आपलं सामान माझ्या दिवाणखान्यात हलवावं, खोलीची किल्ली मास्तरीणबाईंना द्यावी. खाली सही केली. प्रेमलानं चिठ्ठी खडखडीत वाचून दाखवली. ते वाचणं ऐकून भुजंग म्हणाला, "भोकरदनला कळवून टाकतो, इतक्यात येऊ नका म्हणावं."

तेव्हा कुठं ताट फिरलं. चांगलं तीन वेळा, सावकाश. गोजरबाईनं चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली आणि भावाच्या हातावर लाडू ठेवला.

"अध्यक्ष म्हणून तू कच्चा हायेस, मच्छिंदर. प्रेमलाच्या वर्गात बसवला तर मागच्या रांगेतबी झोपशील. पण पाटावर बसवला की बराबर चालतोस. भाऊ म्हणून मला पसंत हायेस. आता ऊठ, जेवायला चल, अन् जाताना ती नाली बघून जा."