इन्शिराहबाईंच्या दाराची कडी

साडेनऊ वाजले तरी इन्शिराहबाईंनी टोपली खाली सोडली नव्हती. मुद्दामच. खिडक्या लावून त्या पलंगावर बसल्या होत्या, आणि या वयात आपण हा काय पोरखेळ मांडलाय, ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. म्हातारपणाची तजवीज म्हणाल तर एवढीच, की खालच्या वाण्याकडे, हाजी बदावींकडे, घराची जादा किल्ली दिलेली. रोज आठला चौथ्या मजल्यावरून दोरीनं टोपली उतरणार, हाजी तीत रोट्या टाकणार. टोपली आली नाही, तर त्यांनी वर यायचं. ठरलं खरं, पण येतील का? गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरला, तेव्हापासून बाईंच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता.

दहाच्या सुमाराला जिन्यात धापा ऐकू आल्या. किल्ली फिरली. दार मात्र हललं नाही.

"बाई? अहो बाई, आहात ना?"

आतली कडी! एकटी बाई म्हणून एकोणीस वर्षं न चुकता लावलेली. किल्ली देताना ती ध्यानातच आली नव्हती. हाजी खरंच आले म्हणून बाईंचे डोळे भरून आले, स्वतःच्या मठ्ठपणाची लाजही वाटली, आणि या गोंधळात ओ द्यायचं सोडून त्या चपला शोधू लागल्या.

"दार फोडतो बघा आता." हाजींनी दाराला खांदा लावला.

बाईंनी कडी काढली. हाजी मटकन पायरीवर बसले.

"डोळा लागला होता," बाई खोटं बोलल्या.

"माझ्या गुडघ्यांची वाट लावलीत. कडी लावून मरणार होतात होय? मग किल्ली काय मी चाटायची?"

"भीती वाटते हो, हाजी."

"कुणाची? चोराची की मरणाची? एकदा काय ते ठरवा."

ठरेना. लावावी तर आत कोण येणार? न लावावी तर कोणीही येईल. दुपारभर बाईंनी ती कडी लावली, काढली, पुन्हा लावली. शेवटी स्वयंपाकघरातून सुरी आणली.

दुसऱ्या दिवशी बरोबर आठला टोपली उतरली. हाजींनी आत हात घातला आणि जुनी पितळी कडी बाहेर काढली, चारही स्क्रूंसकट. ती उलटसुलट करून त्यांनी वर पाहिलं.

बाई दोरी घट्ट धरून उभ्या होत्या.

"कालच्या रोट्या नकोत हं," त्या म्हणाल्या. "ताज्या द्या."