साखरेची पुरचुंडी

सेन्का दाढ काढायला निघाली तेव्हा चार वेळा बजावून गेली, "आई, पोरांच्या हिरड्या शिवशिवल्या की गार चमचा द्या. ओल्या फडक्यानं पुसा. राकिया नाही म्हणजे नाही!"

पाच पोरं वाढवली मी, आणि कालची सून मला शिकवणार! मी नुसती मान डोलावली.

सात महिन्यांचे जुळे नातू, रेल्या आणि ओग्न्येन. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. आम्ही म्हातारा-म्हातारी रेल्याच्या मनगटावरच्या लाल दोऱ्यावरूनच त्यांना ओळखायचो. त्या सकाळी त्यानं दोरा चावून लाळेनं भिजवला, म्हणून मी कापून टाकला.

दहाच्या सुमाराला दोघांनी घर डोक्यावर घेतलं. चमचे भिरकावले. शेवटी मी फडक्यात साखर बांधून दोन पुरचुंड्या केल्या, घरी गाळलेल्या राकिया दारूत चिंब बुडवल्या. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दात असेच आले! एक रेल्याच्या तोंडात दिली, तो चोखेपर्यंत धरून बसले. तेवढ्यात अंगणात चुलीवरच्या मिरच्या करपल्याचा वास आला. यांना म्हटलं, "अहो, रेल्याचं झालंय. ओग्न्येनला तुम्ही द्या."

परत आले तर एक गाढ झोपलेला, दुसरा टाहो फोडतोय.

"दिली ना हो?"

"दिली की. खिडकीकडच्याला. पार चोथा होईस्तोवर चोखली त्यानं."

"अहो, तो रेल्या!"

"हाताला दोरा नव्हता त्याच्या! मला वाटलं ओग्न्येन."

मी रेल्याला उचललं. मान मागे पडली. हात सोडला तर तसाच खाली लोंबला. ओठ पांढरे, कपाळाला गार घाम. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, पापणीसुद्धा हलेना. यांनी गाडी कशी हाकली, मी दोन्ही पोरांना कशी घेऊन बसले, काही आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, जमीन दुभंगावी.

"किती दिली?"

"थोडीशीच," हे पुटपुटले. "नुसती हिरडीला."

तेवढ्यात शेजारच्या दातांच्या दवाखान्यातून सेन्का धावत आली. अर्धा चेहरा सुजलेला, तोंडात कापूस. यांनी माझा हात दाबला. गप्प राहावंसं मलाही वाटलं, देवाशपथ. पण पोर तिथं मुठीएवढं होऊन पडलं होतं.

"दोनदा," मी म्हणाले. "भरपूर. एकदा मी, एकदा यांनी."

"दारूनं रक्तातली साखर पार उतरली असेल. ग्लुकोजचं सलाईन लावा, लवकर!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

सेन्कानं ओग्न्येनला माझ्या कडेवरून काढून घेतलं. शिव्या तरी द्यायच्या होत्या गं बाई!

चार वाजता रेल्या रडला. भिंतीला टेकून मीही रडले. दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं. सेन्काच्या एका खांद्यावर रेल्या, दुसऱ्यावर ओग्न्येन, कोपराला पिशवी. पायऱ्यांपाशी मी हात पुढे केले.

"एकाला दे गं माझ्याकडे. पडशील."

तिनं पिशवी माझ्या हातात दिली. पोरं दोन्ही घट्ट धरली आणि एकेक पायरी चाचपत उतरली.