सदतीस लिटर

मरेताने फळ्यावर नऊ लिहिले, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि खडू तेबोराबाईंच्या हातात परत दिला.

गणित चटईचे होते. केवड्याच्या पातीची चटई, रुंदी १.४ मीटर, लांबी ९.३, गुणाकार न करता क्षेत्रफळ अदमासे सांगायचे. मरेताने १.४ चा एक केला, ९.३ चे नऊ केले. दोन्ही आकड्यांच्या शेपट्या छाटल्या आणि मोकळी झाली. खरे उत्तर तेराच्या वर जाते. ही चूक दर वर्षी कुणीतरी करतेच. नवातून थोडे गेले तर फारसे बिघडत नाही. पण एक पॉइंट चारातून तेवढेच गेले, की चटईचा मोठा पट्टाच कापला जातो. हे तेबोराने एरवी झोपेतही समजावून सांगितले असते. आज ती खडू धरून नुसती उभी राहिली.

“चुकलं का, बाई?” मरेताने शेवटी घाबरून विचारले.

“चुकलं. बस जाग्यावर.”

मग तेबोरा बाहेर गेली आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. आत मुलांचा गलका वाढला तरी वळली नाही. मुलांनीही तिला हाक मारली नाही. बाईंचा नवरा बाउरो समुद्रातून परतला नाही आणि त्याच्याबरोबर गेलेला चुलतभाऊ योतेबा परवाच्या बोटीने जिवंत आला, हे बेटावर पोराटोरांनाही ठाऊक होते. बाउरो तापाने गेला, त्याला समुद्रातच सोडावे लागले, हेही योतेबाने धर्मगुरूंना सांगितले होते. कुणाला ठाऊक नव्हती ती फक्त बाउरो निघाला त्या सकाळची गोष्ट.

त्या सकाळी नवरा-बायकोत अबोला होता. बाउरोच्या बहिणीने तेबोराचे शिलाई मशीन मागितले आणि त्याने ते उचलून देऊन टाकले. नात्यातल्याने तोंड उघडून मागितले तर नाही म्हणायचे नाही, ही रीत तिलाही मान्य होती. पण त्याने तिला एका शब्दाने विचारले नव्हते. तिने बोलणेच टाकले. तो होडीने तरावा बेटाला निघाला तेव्हा ती चुलीपाशी नीरफणस सोलत होती. तो अगदी मागे येऊन उभा राहिला आणि मोठ्याने हिशेब करू लागला. अंतर सदतीस पॉइंट चार किलोमीटर. इंजिन किलोमीटरमागे एक पॉइंट चार लिटर पिते. म्हणजे एक गुणिले सदतीस. सदतीस लिटरमध्ये काम झाले, नाही का?

बावन्नच्या खाली भागणार नाही, हे तिला ऐकता ऐकताच कळले. पेट्रोलचा अंदाज नेहमी वरच्या अंगाने करावा, साठ घ्यावेत, असे तिने शेजाऱ्यालाही बजावले असते. तिने सुरी थांबवली नाही. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग गेला.

होडी तरावाला पोचली नाही. तेव्हापासून ते कमी पडलेले पेट्रोल तिच्या छातीवर बसले होते.

योतेबा रविवारी प्रार्थनेनंतर स्वतःच आला. गालफडे बसलेली, ओठांवर खपल्या. तेबोराने त्याला माच्यावर बसवले, पुढे भात-मासा ठेवला. तो आपल्या आईबद्दल बोलला, दवाखान्यातल्या उपचारांबद्दल बोलला. बाउरोचे नाव मात्र निघाले नाही. अखेर तिनेच विचारले,

“पेट्रोल कुठवर पुरलं?”

त्याला प्रश्न समजला नाही. “पुरलं म्हणजे? इंजिनात खारं पाणी शिरलं, वहिनी. ते पुन्हा सुरूच झालं नाही. दोन डबे होते तसेच भरलेले राहिले.”

“सदतीस लिटरच नेलं होतं त्याने.”

“साठ. किनाऱ्यावर मीच डबे चढवले.” तो बोलता बोलता थांबला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू उमटले. “अगं, सदतीस हे त्याने तुला ऐकवायला म्हटलं होतं. मुद्दाम. डबे चढवताना सांगत होता मला. म्हणे, गणित चुकवलं की मास्तरीणबाईंना गप्प बसवतच नाही. वर्गातल्या पोराला झाडते तशी मला झाडेल आणि अबोला सुटेल.”

वाऱ्याने माच्याच्या कडेची झावळी हलली. तेबोराने ती उगाचच नीट केली. पेट्रोल पुरेसे होते. छातीवरचे ओझे उतरायला हवे होते. ते उतरण्याची ती वाट पाहत राहिली.

“आणि मी बोललेच नाही, तेव्हा?” तिने विचारले.

योतेबाला ते सांगायचे नव्हते. त्याने घास तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

“काही नाही. म्हणाला, या खेपेला भारी चिडलीय. येईपर्यंत निवळेल.”

तेबोराने डाव उचलला आणि त्याच्या ताटात भात वाढला. पुरे, वहिनी, माझं पोट अजून घेत नाही एवढं, असे तो म्हणत होता. तिने मान डोलावली, आणि वाढतच राहिली.