मारीबाईचं कोबान

वाशीमच्या वेशीबाहेर, नाल्याच्या काठाला नथ्थू माळ्याचा मळा होता. त्याची बायको आवडाबाई रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन गावात भाजी विकायला जायची आणि वांगी-मेथीचा थोडा वानवळा मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईसाठी बाजूला ठेवायची. दोन लेकरं पोटातच गेल्यावर आवडाबाई तिसऱ्यांदा अडली, तेव्हा याच बाईनं तिला सोडवलं होतं. ती पोर, धुरपता, आता घरभर दुडदुडत होती.

नर्सबाईचं नाव मारीबाई. गावातले लोक तिला मडम म्हणत, पण ती मडमेसारखी गोरी नव्हतीच. गव्हाळ रंग, रुंद चेहरा, काळेभोर जाड केस. लुगडं नेसली असती तर कोणाच्याही घरची सून म्हणून खपली असती. आल्यापासून दोन वर्षांत ती वऱ्हाडी बोलायला शिकली होती. तिचं गाव होतं कोबान. समुद्रापलीकडचा मुलूख, डोंगरातलं शहर. दवाखान्यातली गर्दी ओसरली की दोघी ओट्यावर बसत आणि मारीबाई त्या गावच्या गोष्टी सांगे.

"आमच्या कोबानले पाऊस पडत नाही, तो नुसता झिरपते," ती सांगायची. "दिवस दिवस झिमझिम. कपडे वाळत नाहीत, भिंतीले शेवाळ येते. झाडाच्या फांद्यांवर फुलं उगवतात, मातीबिगर."

"अन् तरी लोक राह्यतात तठी?" आवडाबाईला वैशाखातल्या फुफाट्यात बसून ते खरं वाटायचं नाही.

"राह्यतात ना. माय माही पहाटेच मका वाटाले बसे, पाट्यावर. हातानं थापून भाकर करे, तुयासारखीच, लहान फक्त. बाजाराच्या दिवशी डोंगरातून बाया येत, घेरदार घागरे घालून. ओझं पाठीवर अन् त्याचा पट्टा कपाळाले. टेकडीवर देऊळ हाय, लय पायऱ्या हायेत. मधामधात थांबून धूप जाळाचा अन् मंग वर चढाचं."

जुन्या काळी त्या मुलुखाला लढाईचा मुलूख म्हणत, हेही तिनं सांगितलं होतं. चढाई करून आलेल्या परक्या शिपायांना तो जिंकता आला नाही. मग साधू लोक आले, त्यांनी तिथल्याच बोलीत गाणी बांधली, फिरस्त्या व्यापाऱ्यांना शिकवली आणि गाणी गात गात मुलूख ताब्यात घेतला. नाव ठेवलं, खऱ्या शांतीचा मुलूख.

"मंग शांती झाली काय?"

मारीबाई मेथीची पानं खुडत म्हणाली, "जर्मन आले. कॉफी लावाले. ज्या डोंगरावर आमच्या आज्याचा मका होता, तठी कॉफी लागली. मजूर पाह्यजेत म्हणून सरकार माणसं धरून देत होतं. आज्याले दोरीनं बांधून नेलं, आजी मागून चालत गेली. ज्या मळेवाल्यानं त्याले नेलं, त्याच्याच पोराच्या घरी माही माय पुढं सैपाकाले लागली. तो पोरगाच माहा बाप." मग हसून ती म्हणाली, "त्यानं मले नाव देलं, शाळा देली. मी त्याचं घर सोडलं. नाव राहून गेलं."

आवडाबाईला सगळं उमगलं नाही, पण त्या दिवशी तिनं बाईच्या हातातली मेथी काढून घेतली आणि स्वतःच निवडून दिली.

ते एकोणीसशे चाळीस साल. विलायतेत लढाई पेटली होती. दवाखान्याचे डॉक्टर रजेवर मायदेशी गेले ते तिकडेच अडकले. मृग कोरडा गेला, नाल्याचं पाणी डबक्यात साचून हिरवं झालं, आणि वाशीमात पटकीची साथ शिरली. सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी तिरडीवर. दवाखान्यात मारीबाई एकटी. व्हरांड्यात, चिंचेखाली, जिथं जागा मिळेल तिथं माणसं निजवलेली. ती एकेकाच्या शिरेत मिठाचं पाणी सोडत फिरायची. आवडाबाईच्या भावानं येऊन धुरपताला रिसोडला नेलं. "तुमीही चाला," तो म्हणाला. नथ्थूनं नकाराची मान हलवली. मोट थांबली तर मळा जळाला असता.

आठवडाभरात नथ्थूच पडला. पहाटे हगवण, मग ओकारी. ऊन तापायच्या आत त्याचे डोळे खोल गेले, आवाज बसला, पोटऱ्यांत गोळे येऊन तो कण्हू लागला. आवडाबाईनं शेजारच्या पुंजाजीला हाक मारली, दोघांनी त्याला बैलगाडीत घातलं. सासू कस्तुराबाई मागून ओरडत होती, "त्याले पाणी देऊ नोको वं! पटकीत पाणी म्हंजे जहर!"

मारीबाईनं त्याच्या दंडात सुई घातली. हळूहळू बाटली उतरली तशी त्याच्या ओठांवर ओल आली. त्यानं डोळे उघडून आवडाबाईकडे पाहिलं.

"ही शेवटची बाटली होती," मारीबाई हळूच म्हणाली. "अकोल्याहून आज माल येईन. तवर पेज पाज. ज्वारीचं पीठ, पाणी, मीठ, पातळ कर. आमच्या डोंगरात आजी मक्याची पाजे. ओकला तरी पाज. चमचा थांबवू नोको, आवडे. काही झालं तरी."

तेवढ्यात पोलिसांचा जमादार दौलतसिंग दोन शिपायांना घेऊन फाटकातून आत आला. टोपी काढून उभा राहिला. त्यालाही हे काम आवडलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"बाई, हुकूम आला. जितके जर्मन हायेत तितके सगळे छावणीत. आज शामच्या गाडीनं तुमाले न्याचं हाय."

"मी जर्मन नाही, जमादार."

"कागदावर नाव जर्मन हाय."

मारीबाईनं व्हरांड्यातल्या माणसांकडे पाहिलं. "ह्याइले कोण पाहीन?"

आवडाबाई मध्ये येऊन उभी राहिली. "काहून नेता हो बाईले? कोणाचं काय बिघडवलं तिनं?" शिपायानं तिला बाजूला सारलं. मारीबाईनं हात धुतले, पुसले. "ज्या बापाचं घर सोडून इतक्या दूर आलो, आवडे, त्याचंच नाव मले धरून नेऊन राह्यलं," ती म्हणाली आणि त्यांच्याबरोबर ठाण्याकडे निघाली. कंपाउंडर आधीच्याच रात्री पळाला होता. दवाखान्यातली माणसं ज्याची त्यानं उचलून घरी नेली. नथ्थूलाही पुंजाजीनं गाडीत घालून परत आणलं.

घरी आवडाबाईनं चूल पेटवली, पेज केली, नथ्थूचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजू लागली. अर्धी तो ओकायचा, ती पुन्हा भरायची. कस्तुराबाई दारात बसून कपाळ बडवत होती. दुपार कलली आणि नथ्थूचे पाय पुन्हा आखडले. बोटं निळी पडली. आवडाबाईला वाटलं, आता पेजेचं काम नाही. आता सुईच पाहिजे. अकोल्याचा माल गाडीनं आलाच असेल, आणि बाई अजून ठेसनावरच असेल.

"आत्याबाई, ह्याले पाजत राहा. थांबू नोका. मी बाईले घेऊन येतो," असं म्हणून तिनं वाटी सासूच्या हातात दिली आणि अनवाणी धावत सुटली.

ठेसनावर गाडी उभी होती. मारीबाई फलाटावर पेटीवर बसली होती, दोन्हीकडे शिपाई. आवडाबाईनं सरळ दौलतसिंगाचे पाय धरले.

"घडीभर सोडा, दादा. एक सुई टोचू द्या. माहा नवरा मरून राह्यला."

"माई, उठ. माह्या हाती असतं तं सोडलं असतं." त्यानं पाय सोडवून घेतले. "गाडी सुटून राह्यली."

"माल आला काय, बाई?"

"नाही आला." मारीबाई उठून पुढे आली. "नथ्थूपाशी कोण हाय?"

"आत्याबाई."

मारीबाईचा चेहरा एकदम उतरला. तिनं आवडाबाईचे दोन्ही खांदे धरून तिला वळवलं. "काहून आली तू? पळ! माह्यापाशी काहीच नाही. जे हाय ते तुयाच हाती हाय. पळ, आवडे!"

मागे शिट्टी झाली, डबे हलले. आवडाबाईनं वळून पाहिलं नाही.

ती घरात शिरली तेव्हा वाटी कोपऱ्यात ताटलीखाली झाकून ठेवलेली होती. पेज तेवढीच होती. नथ्थूची जीभ लाकडासारखी झाली होती. तिनं चमचा लावला, पेज ओठाच्या कडेनं उतरून मानेवर आली. दिवेलागणीच्या आधी तो गेला.

"मांगत होता," कस्तुराबाई म्हणाली. नेमून दिलेलं काम पार पाडल्यासारखा तिचा सूर होता. "लय मांगत होता वं पाणी. पण म्या देलं नाही."

आवडाबाई रडली नाही. तिनं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारी आले, नथ्थूला घाईघाईनं नेलं. ती भिंतीशी बसून राहिली. आपण का गेलो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. बाईनं थांबवू नको म्हटलं होतं, आणि आपण थांबवलं.

नथ्थूची राख सावडून झाली आणि कस्तुराबाईलाही पटकीची लागण झाली. म्हातारी परसातून भिंत धरत आली आणि ओसरीवरच कोसळली. आवडाबाई दारात उभी होती. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मळा सुकून चालला होता. आत जाऊन निजलं असतं तरी कोणी बोल लावला नसता.

"आवडे," म्हातारी पुटपुटली, "लय तहान लागते वं."

आवडाबाई हलली नाही.

"त्यालेही अशीच लागली असन." कस्तुराबाईचा चेहरा वेडावाकडा झाला, रडायला तिच्यात पाणी उरलं नव्हतं. "मले देऊ नोको. म्या माह्या पोराले मारलं. मले देऊ नोको."

तिनं दात घट्ट आवळून घेतले. तेव्हा कुठे आवडाबाई चुलीशी गेली. पेज केली, थंड केली, म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं जबडा उघडून चमचा आत घातला. म्हातारी थुंकली. आवडाबाईनं पुन्हा भरला. मनात माया नव्हती, होता तो नुसता राग, आणि त्या रागानंच हात चालत होता. संध्याकाळ झाली, उजाडलं, ऊन चढलं. म्हातारी ओकायची थांबली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच तोंड उघडू लागली.

पाऊस लागला तशी साथ ओसरली. भाऊ धुरपताला घेऊन आला. मारीबाईचा काही पत्ता लागला नाही. दवाखाना बंद तो बंदच राहिला. पुढे कितीतरी दिवसांनी दौलतसिंग बाजारात भेटला, तेव्हा आवडाबाईनं विचारलं. "दूरच्या छावणीत नेलं म्हणतात," तो म्हणाला, "पुढचं मले ठाऊक नाही." ती पाटी उचलून निघून आली.

दिवाळीनंतर मोट पुन्हा सुरू झाली. आवडाबाई स्वतः बैल हाकायची. पुंजाजी म्हणाला, बाईमाणसानं मोट धरू नये. तिनं ऐकलं नाही. कस्तुराबाई काठी टेकत वाफ्यात उतरायची आणि पाटाची मातीची दारं मोडून एकेका वाफ्याला पाणी द्यायची. वांग्यांना, मेथीला. सासूसुना एकमेकींशी बोलत नव्हत्या. वाफा भरला की म्हातारी हात वर करायची, आणि आवडाबाई पुढच्या मोटेसाठी बैल मागे फिरवायची.