मे महिन्यातला हीटर

"जहांगीरकाका, या गाडीचा हीटर चालतो का हो?"

चेलनाने हे विचारलं तेव्हा महिना मेचा होता, गाव जळगाव होतं आणि डोक्यावर गॅरेजचा पत्रा होता. जहांगीरकाकांनी बोनेटमधून मान वर काढली. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरचा घामाचा थेंब गरम इंजिनावर पडला आणि चुर्र झाला. शेजारी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या पप्पांनी आपल्या मुलीकडे असं पाहिलं, की हिला उन्हाचा त्रास झालाय, डॉक्टरकडे न्यावं की काय.

चेलनाने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. गॅरेजच्या दारात लावलेल्या स्कूटीवर नाजमीन आणि हिना ओढणीचा बोळा तोंडात कोंबून बसल्या होत्या. प्रश्न त्यांचाच होता. नाजमीन जहांगीरकाकांची मुलगी, हिना चेलनाच्या गल्लीतली, तिघी एकाच वर्गात. हजेरीला नुसतं 'प्रेझेंट' म्हणताना जिचा आवाज घशात अडकायचा, ती चेलना जानेवारीच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करून बसली. ठरलेल्या मुलीचा घसा ऐनवेळी बसला आणि बाईंनी हाताला लागेल तिला स्टेजवर ढकललं, एवढंच. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडाचा नळ जो सुटला तो बंदच होईना. मैत्रिणींनी त्याचा खेळ केला. गंभीरातला गंभीर माणूस शोधायचा आणि त्याला बावळटातला बावळट प्रश्न न हसता विचारायचा. आज तर एकाऐवजी दोन गंभीर माणसं होती.

गंभीर असायला कारणही होतं. समोर उभी होती ती पप्पांची, म्हणजे अभयकुमारांची बीएमडब्ल्यू. वीस वर्षं जुनी, निळी, सहा सिलिंडरची. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी मोजून चार शब्द बोलणाऱ्या या माणसाने ती नाशिकच्या एका डॉक्टरांकडून हौसेने आणली होती. आणल्यावर स्प्रिंगा बदलून ती खाली बसवली, रुंद टायर घातले, आवाज दमदार यावा म्हणून सायलेन्सर बदलला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर जुना पुन्हा लावला. खाली बसवलेली गाडी जळगावच्या स्पीडब्रेकरवर घासायची. म्हणून ब्रेकर आला की मम्मीने उतरायचं, पप्पांनी गाडी तिरकी ओलांडायची आणि मम्मीने पुन्हा बसायचं. मम्मी गाडीला जावईबापू म्हणायची. तेल वेगळं लागतं, पाणी वेगळं लागतं, आणि कधी रुसेल सांगता येत नाही.

या उन्हाळ्यात जावईबापू फारच रुसले होते. पाण्याची प्लास्टिकची टाकी तडकली, जहांगीरकाकांनी नवी बसवली, आणि तेव्हापासून गाडी तापायला लागली. एकदा एरंडोलजवळ, एकदा पाचोऱ्याच्या रस्त्यावर, आणि तिसऱ्यांदा मम्मीच्या माहेरच्या लग्नाला जाताना, वऱ्हाडाच्या बसने शेजारून हात हलवत जावं अशा जागी. त्या रात्री मम्मी एकच वाक्य बोलली. "अहो, सुरतच्या त्या माणसाला हो म्हणून टाका."

सुरतचा तो माणूस खरा होता, गाडी न बघताही घ्यायला तयार होता. पप्पांनी खूप विनवण्या केल्यावर मम्मी एवढ्यावर आली: रविवारी धुळ्याला रोनकमामाच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. तिथपर्यंत गाडी तिच्या दुखण्यापायी एकदाही न थांबता गेली, तर राहू द्या. थांबली, तर सोमवारी सुरत.

यात चेलनाचं काय जाणार होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. रविवारी सकाळी पप्पा गाडीखाली सरकायचे, ती शेजारी पाने हातात घेऊन बसायची, आणि हा गप्प माणूस तिथून खालून बोलत सुटायचा. त्याचं लहानपण, त्याला बसलेला मार, बारावीत पळून मुंबईला जायचं कसं ठरवलं आणि भुसावळलाच कसा सापडला. घरात जेवणाच्या टेबलावर यातलं एक अक्षर निघत नसे. पप्पांशी बोलायचं तर गाडीखाली जावं लागायचं. गाडी गेली की पप्पांचा आवाजही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बेटा," जहांगीरकाका हात पुसत म्हणाले, "जळगावात माणूस जन्माला येतो तोच हीटरमध्ये. त्याला वेगळा कशाला पाहिजे?"

स्कूटीवरून खिदळण्याचा आवाज आला. चेलना जिंकली होती. पण नव्या तोंडाला गप्प बसायची सवय उरली नव्हती.

"तसं नाही काका, आहे तर चालत असेल ना? तुम्ही कधी लावून पाहिलाय? पप्पा, तुम्ही?"

पप्पा काही तरी बोलणार होते, ते थांबले. काकांकडे पाहिलं. काकांनी पप्पांकडे पाहिलं. गाडी आणून सात वर्षं झाली होती आणि त्या बटणाला कोणाचं बोट लागलं नव्हतं.

"लावून बघू," काका म्हणाले. "फुकट आहे."

इंजिन चालूच होतं. तापमानाचा काटा मधली खूण सोडून नुकताच उजवीकडे कलला होता. पप्पा आत बसले आणि बटण दाबत गेले. आकडा चढत चढत बत्तीसवर थांबला, पुढे जाईना. शेजारच्या छोट्या पडद्यावर बाहेरचं तापमान दिसत होतं: त्रेचाळीस.

"म्हणजे हा गरम करणार की गार?" हिनाने विचारलं, आणि आता नाजमीन स्कूटीवरून जवळजवळ खाली पडली.

काकांनी मात्र डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीसमोर हात धरला होता. तो त्यांनी काढला, पालथा केला, पुन्हा धरला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

"शेठ, हात लावा."

पप्पांनी लावला. चेलनानेही मध्ये घुसून लावला. हवा येत होती ती नुसती गॅरेजमधली हवा होती. समोर इंजिन उकळायला आलंय, आणि हीटरमधून भाजणारी झळ यायच्या ऐवजी साधा वारा.

"गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाहीये," काका स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "डॅशबोर्डच्या मागे त्याचा छोटा रेडिएटर असतो. तिथे हवा अडकली असणार. तीच फिरून इंजिनात येते, आणि गाडी तापते."

"मग टाकी बदलली तेव्हा ती हवा काढली नव्हती?" चेलनाने विचारलं. हा प्रश्न कोणी शिकवलेला नव्हता.

"काढली होती. पण हीटर बंद ठेवून." काकांनी कपाळावर हात मारला. "बंद असला की त्याची वाट बंद. आतली हवा आतच. आता इथे हीटर कोण लावतं, सांगा."

पप्पा गाडीतून उतरले. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो पडलेला चेहरा कानापर्यंत लाल होत चालला होता.

"जहांगीरभाई, मी वाचलं होतं," ते म्हणाले. "इंटरनेटवर परदेशातल्या लोकांनी स्पष्ट लिहिलंय, पाणी भरताना हीटर फुल ठेवा. मला वाटलं, त्यांच्याकडे बर्फ पडतो म्हणून लिहिलंय. आपल्याला काय करायचंय. मी तुम्हाला सांगितलंच नाही."

मग काका जे हसायला लागले ते पान्यांच्या पेटीवर बसले. पप्पाही हसले, तोंडावर रुमाल धरून, दुकानात चुकीचं माप गेल्यावर हसावं तसे.

गाडी थंड झाल्यावर काकांनी तिची पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवली. हवेला वर सरकायला वाट हवी म्हणून. चावी फिरवून इंजिन बंदच ठेवलं, हीटर बत्तीसवर, पंखा हळू. टाकीजवळचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि निळं पाणी धारेने नाही तर पळीने वाढावं तसं ओतत राहिले. स्क्रूतून बुडबुडे येत होते. चेलना उकिडवी बसून बघत होती. गुडगुड, गुडगुड, मग नुसती एक लांब ढेकर, इतकी माणसासारखी की नाजमीन म्हणाली, "झालं, जावईबापूंचं पोट मोकळं झालं." त्यानंतर बुडबुडा न येता नुसतं पाणी आलं आणि काकांनी स्क्रू आवळला.

"गल्लीत ठीक चालेल," ते म्हणाले. "रस्त्याचं रस्त्यावर कळेल."

रविवारी मम्मी मोरपंखी सिल्कची साडी नेसून गाडीत बसली. माहेरी जायचं म्हणून केस पार्लरमध्ये करून घेतले होते. मांडीवर मामासाठी चांदीचा दिवा. चेलना मागच्या सीटच्या मधोमध, म्हणजे दोघांच्या खांद्यांमधून काटा दिसेल अशी. बांभोरीचा पूल गेला, पाळधी गेलं, एरंडोल आलं आणि गेलं. काटा मधल्या खुणेवर खिळा ठोकल्यासारखा. एसी गार, रस्ता मोकळा, आणि पप्पांनी एका लांब चढावर गाडीला थोडी मोकळीक दिली तेव्हा तिने जो खर्जातला सूर लावला, त्याने मम्मीसुद्धा खिडकीबाहेर बघत एक भुवई उचलून गेली.

पारोळा मागे पडलं आणि मुकटीच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता. ट्रक, टेम्पो, एसटी, मध्ये घुसलेल्या मोटारसायकली. वारा नाही, सावली नाही. गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी.

चालत्या गाडीला वारा मिळतो. उभ्या गाडीला काय मिळणार? हे तिघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात बोनेटखालचा मोठा पंखा घोंघावत सुरू झाला. पप्पा दचकले.

"काटा हलला का?"

"नाही पप्पा."

"हलला. किंचित हलला."

"अहो, तुमचा हात थरथरतोय, काटा नाही," मम्मी म्हणाली.

पण पप्पांनी एसी बंद केला आणि बटण दाबत दाबत हीटर बत्तीसवर नेला. इंजिनाची उष्णता जमेल तेवढी आत ओढून घ्यायची, म्हणजे त्याला बरं वाटेल. चेलनाने दोन सीटांमधून हात लांब केला आणि जाळीसमोर धरला. साधा वारा आला तर सगळं संपलं. मग आत्ता नाही तर दहा मिनिटांनी काटा लाल रेषेत जाणार, गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागणार, आणि सोमवारी सुरत.

पहिली हवा कोमट होती.

मग आली ती भाकरी भाजायच्या तव्यावरची झळ. तळहात पोळला. चेलनाने हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला, खात्री करायला.

"गरम आहे," ती म्हणाली. "मम्मी, गरम येतेय. पप्पा, हवा गरम आहे, भाजतेय."

मम्मीने आपली जाळी तोंडाकडे वळवली. तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळायला लागलं होतं, पार्लरचे केस गालाला चिकटले होते, सिल्क पाठीला. तिने ती झळ सरळ चेहऱ्यावर घेतली आणि डोळे मिटले.

"बंद करू का गं?" पप्पांनी विचारलं.

"राहू द्या," मम्मी म्हणाली. "येऊ द्या."

शेजारच्या ट्रॅक्टरवरून एक म्हातारे भाऊ हा प्रकार केव्हाचे बघत होते. बंद काचांच्या आत तीन माणसं, नखशिखांत भिजलेली, आणि हसताहेत. त्यांनी वाकून काचेवर टकटक केलं. पप्पांनी काच खाली केली.

"इतली मोठी गाडी, आणि एसी नही शे का?"

"आहे ना, भाऊ," चेलना मागून म्हणाली. "आम्ही हीटर लावलाय."

भाऊंनी तिच्याकडे, मग पप्पांकडे पाहिलं आणि ट्रॅक्टर दोन हात लांब घेतला.

गर्दी सुटेपर्यंत काटा मधल्या खुणेवरून तसूभर ढळला नाही. रस्ता मोकळा झाल्यावर पप्पांनी गिअर टाकला आणि अपराध्यासारखं म्हणाले, "थांबलो मात्र आपण."

"ट्रेलरमुळे थांबलो," मम्मीने पदराने गळा पुसत निकाल दिला. "गाडीमुळे नाही."

पप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की समोरची काच धुकटली, असं चेलना नंतर मैत्रिणींना सांगणार होती. तिला स्वतःला फागण्याच्या आसपास सपाटून भूक लागली.

धुळ्यात मामाच्या दारात पाहुण्यांनी या तिघांकडे पाहिलं आणि कोणी तरी पटकन पंख्याखालची जागा रिकामी केली. मामाने विचारलं, "ताई, चालत आलात का?" मम्मीने नुसता दिवा त्याच्या हातात दिला आणि पाणी मागितलं. पूजा झाली, दालबाटी झाली, चेलनाने तिसऱ्यांदा तूप घेतलं.

हात धुवून ते तिघं अंगणात गाडीपाशी आले तेव्हा पप्पांचा फोन वाजला. स्क्रीनवर सुरतच्या माणसाचं नाव होतं. पप्पांनी मम्मीकडे पाहिलं. मम्मी गाडीच्या दारावरून हात फिरवत होती, जावयाच्या सदऱ्यावरची धूळ झटकावी तसा. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. फोन वाजतच राहिला.

चेलनाला एकदम दिसलं, की मम्मी इतकी वर्षं त्या डावीकडच्या सीटवर बसली आहे. ब्रेकरवर उतरली आहे, बंद गाडीत ताटकळली आहे, आणि या गाडीचं चांगलं ते सगळं उजवीकडे बसणाऱ्याला मिळालं आहे. जळगावात घरची दुसरी, लहान गाडी तर मम्मीच चालवते, पप्पांपेक्षा बरी.

तिने पप्पांच्या हातातून चावी घेतली आणि मम्मीच्या तळहातावर ठेवली.

"पप्पा, त्या सुरतच्या काकांना नाही म्हणून सांगा. मी ठरवलंय, गाडी विकायची नाही. आणि घरी जाताना गाडी मम्मी चालवेल. ब्रेकर आला की उतरायचं तुम्ही."