उंबरवाडीच्या वाटेवरचा दगड

धप्प!

हा आवाज मी ऐकला तेव्हा ओढ्याकाठी आडवा पडून होतो. उंबरवाडीहून लोणावळ्याच्या बाजाराला जाणारी वाट माझ्या शेजारून जायची. त्या वाटेवर कस्तुराबाईच्या डोक्यावरून गवताचा भारा खाली आला. पाच महिन्यांची पोटुशी बाई. मणभर भारा एकटीनं जमिनीवरून उचलून डोक्यावर घेता येत नाही. कुणीतरी येईल म्हणून ती तिथंच बसून राहिली. गवत वाळलं, बाजार उठला, तरी कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा अंबाजी पहार आणि तीन गडी घेऊन आला. त्यांनी मला वर आणून दोन उभ्या दगडांवर आडवा ठेवला. अंबाजीनं बायकोला माझ्यापाशी उभं केलं, तिचा खांदा बघितला आणि म्हणाला, "एवढाच उंच पायजे. लय न्हाई, कमी न्हाई."

मी तो ओझं टेकवायचा दगड बोलतोय. दिल्लीला दरबार झाला त्याच्या पुढच्या साली मी उभा राहिलो. बाईनं मान कलती केली की भारा माझ्यावर सरकतो. दम घेऊन तिनं डोकं खाली घातलं की भारा परत डोक्यावर. दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. लोणावळ्यातल्या टांग्यांच्या घोड्यांनी खाल्लेलं किती गवत आधी माझ्या अंगावर विसावलं असेल, मला मोजता येत नाही.

दहा-बारा वर्षांनी लोणावळ्याचे गोपाळकृष्ण वकील बाजारच्या दिवशी माझ्या शेजारी सतरंजी टाकून बसू लागले. सोबत नुकतीच सनद मिळालेला एखादा तरुण असायचा. त्याला ते सांगायचे, "कचेरीच्या पायरीवर चपला काढतानाच माणूस निम्मं विसरतो. इथं ओझं उतरलं की घटकाभर तो मोकळा होतो. तेवढ्यात ऐकून घ्यायला शीक. मग तेच त्याला त्याच्या बोलीत परत सांग. तो व्हय म्हणाला तरच कागदाला हात लाव."

वर्षभर असं शिकून तो तरुण एकटाच कुठल्यातरी गावी जाऊन बसायचा. एक कान्ह्याला गेला, एक कामशेतला. फी एवढीच, की गवत विकून परतणारीला देता यावी. कुणी शेंगा दिल्या तरी चालायच्या.

तळेगावचा चिंतामणी आला तो नवा कोट घालून. पहिल्याच दिवशी त्यानं कायद्याची जाड पुस्तकं आणि दौत माझ्यावर मांडली. त्याला मी टेबल वाटलो. तेवढ्यात झुंबरबाई आली, डोक्यावर भारा. चिंतामणी अदबीनं म्हणाला, "मावशी, ओझं खाली ठेवा. बसून निवांत बोला."

एवढा कोटवाला माणूस म्हणतोय म्हणून तिनं भारा भुईवर टाकला. सासऱ्याच्या बांधाची तक्रार सांगितली. चिंतामणीनं कायद्याच्या भाषेत पानभर लिहून वाचून दाखवलं.

"हे कुणाचं हाय?" झुंबरबाईनं विचारलं.

"तुमचंच, मावशी."

"माझं न्हाई बाबा. ह्यात माझा बांध कुटं हाय?"

ती निघाली, पण भारा उचलेना. चिंतामणी मदतीला धावला. भलतीकडंच धरल्यामुळं दोर सुटला आणि गवत वाटभर पसरलं. मागून येणारी नंदाबाई म्हणाली, "वकीलसायेब, घोडं हितंच बोलवा आता चरायला!"

गोपाळकृष्ण हसले नाहीत. "हिचा बाजार तू बुडवलास," ते म्हणाले. "भारा बांधून घे आणि तूच डोक्यावर नेऊन टांगेवाल्यांना वीक."

तो गेला. बरोबर गेलेली झुंबरबाई परत येताना सगळ्यांना सांगत होती, की गडी अर्ध्या वाटेत रडकुंडीला आला, पण भारा टेकवायला जागाच नव्हती. पुढच्या बाजारी चिंतामणीनं पुस्तकं मांडीवर घेतली. माझ्यावर पुन्हा कधी कागद ठेवला नाही.

मग आमच्यावर संकट आलं. मुंबईच्या एका शेठनं तो उतार विकत घेऊन बंगला बांधला आणि भोवती पुरुषभर उंच भिंत घातली. वाट आत गेली, मीही आत गेलो. बायकांना गाडीरस्त्यानं दीड कोसाचा वळसा पडू लागला. बाजारात पोचेपर्यंत टांगेवाल्यांची खरेदी झालेली असायची. माळ्यानं माझ्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या. भिंतीपलीकडून पावलं ऐकू यायची आणि मला काहीच करता यायचं नाही.

झुंबरबाई वाडीच्या वतीनं गोपाळकृष्णांकडं गेली. ते चिंतामणीला घेऊन भिंतीशी आले, तेव्हाचं बोलणं मी ऐकलं.

"त्यांच्याकडं मुंबईचे दोन बॅरिस्टर आहेत," चिंतामणी म्हणाला. "तुम्ही उभे राहा."

"मी किती दिवस पुरणार? खटला तुझा. वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता वहिवाट झाली, तर वाट हक्काची. एवढंच दाखवायचं आहे."

शेठच्या कारभाऱ्यानं कोर्टात शपथेवर सांगितलं म्हणे, की इथं वाट कधीच नव्हती. तो दगड म्हणजे तीन वर्षांपूर्वी आपण बागेत बसवलेला बाक आहे. मग मुन्सफसाहेब स्वतः जागा बघायला आले. बॅरिस्टर आले, कारभारी आला. उंबरवाडीच्या बायका फाटकाशी दाटीनं उभ्या.

चिंतामणीनं कुंड्या बाजूला केल्या. "कारभारी, हा बसायचा बाक ना?"

"होय."

"मग बसून दाखवा."

कारभारी माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्या छातीला लागत होतो. त्यानं दोन्ही हात टेकून एक उडी मारली, मग दुसरी.

"कारभारी, शिडी आणू का?" नंदाबाई फाटकातून ओरडली. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

मग झुंबरबाई भारा घेऊन आत आली. मान कलती केली, भारा माझ्यावर आला. डोकं घातलं, भारा वर गेला. साहेबांनी माझ्या पाठीवरून, पुढच्या कडेवरून हात फिरवला. तेवढीच जागा झिजून तुळतुळीत झाली होती.

"काळा दगड तीन वर्षांत एवढा झिजतो?" त्यांनी विचारलं.

"पण वीस वर्षांना पुरावा काय?" एक बॅरिस्टर म्हणाला.

कस्तुराबाई एका मिशीवाल्या गड्याचा हात धरून पुढं आली. "ह्यो माझा सोपान. ह्यो पोटात हुता तवा दगड बसवला. ह्याचं वय बगा की, सायेब!"

चिंतामणीनं शाळेचा दाखला पुढं केला. सोपानचं बाविसावं सरलं होतं.

महिन्याभरानं निकाल वाडीच्या बाजूनं लागला आणि भिंत पडली, चांगली बैलगाडी जाईल एवढी. पहिला पहारीचा घाव सोपाननं घातला. बायकांनी गुलाल आणला. आधी मला लावला, मग चिंतामणीच्या कोटाला. टांगेवाले घोड्यांना गोंडे बांधून बघायला आले होते. झुंबरबाईनं चिंतामणीला विचारलं, "आता आमी तुला काय द्यायचं रं?" त्यानं फी सांगितली. ती म्हणाली, "एवढीच?" आणि पदराला डोळे पुसून हसली.

गोपाळकृष्णांनी त्या दिवशी सतरंजी गुंडाळून चिंतामणीच्या काखेत दिली. तो टाकवे बुद्रुकला जाऊन एकटा बसला. आता त्याच्याकडंही नवे वकील शिकतात. पहिल्या आठवड्यात तो त्यांना माझ्यापाशी आणतो आणि कोट काढायला सांगतो. मग तळेगाव-पुण्याची ती पोरं भारा डोक्यावर घेऊन धडपडतात. मला गंमत वाटते आणि मायाही येते.

माझं वय झालं आहे. एका आधाराचा दगड थोडा खचलाय, पावसाळ्यात मागच्या अंगाला शेवाळ धरतं. तुम्हाला कुठं असा खांद्याएवढा दगड दिसला, तर त्याला रिकामा राहू द्या. कुणीतरी वाट चालत असेल.

परवा सकाळी एक नवी नवरी आली, आंदर मावळातून उंबरवाडीत दिलेली. हातात हिरवा चुडा, डोक्यावर भारा. भिंत, खटला, गुलाल, तिला काहीच ठाऊक नव्हतं. पडक्या भिंतीच्या टोकांकडं तिनं बघितलंही नाही. भारा माझ्यावर टेकवला, डोक्यावरच्या फडक्याची चुंबळ नीट केली, डोकं घालून भारा उचलला आणि बाजाराकडं चालू लागली.